शब्दाला जागणारा समाज : महाभारतातील क्षात्रप्रतिष्ठा आणि आपले मराठी वाचन

१

पदव्युत्तर वर्गात ‘युगान्त’ शिकवत असताना एका विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नातून प्रस्तुत लेखाचा उगम झाला आहे. तिचा प्रश्न साधा होता. “सर, युद्धाचे नियम दोन्ही पक्षांनी मिळून ठरवले आणि दोन्ही पक्षांनी ते मोडले. मग ते ठरवले तरी कशासाठी?” त्या दिवशी मी दिलेले उत्तर पाठ्यपुस्तकी होते. आदर्श आणि व्यवहार यांत अंतर असतेच, युद्धाच्या धामधुमीत आदर्श टिकत नाहीत, व्यासांना मानवी दुर्बलतेचे दर्शन घडवायचे आहे, असे काहीसे मी म्हणालो. तिचे त्याने समाधान झाले नाही आणि पुढे विचार करता माझेही झाले नाही. कारण या उत्तरात नियम चांगले होते आणि माणसे कमी पडली, हे आधीच गृहीत धरलेले आहे. नियमांचीच तपासणी त्यात कोठे होत नाही.

महाभारतातील समाज हा इतिहासात जसाच्या तसा होऊन गेला की नाही, या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. साहित्याच्या अभ्यासकापुढे आहे तो काव्याने उभा केलेला एक समाज. त्याला स्वतःची मूल्यव्यवस्था आहे, मानापमानाची स्वतःची मोजमापे आहेत. हा समाज अतिशय कठोर आहे. शब्द दिला की तो प्राणांपलीकडे जपायचा, आव्हान आले की ते नाकारायचे नाही, अपमान झाला की त्याची फेड केल्याशिवाय राहायचे नाही, रणात पाठ दाखवायची नाही. मुक्तेश्वर आणि मोरोपंतांपासून आजच्या कादंबरीपर्यंत मराठी वाचकाला या समाजाची ओढ वाटत आली आहे. त्या ओढीमुळे आपण त्याची मूल्ये व्यक्तींचे सद्गुण म्हणून वाचतो, समाजाची रचना म्हणून वाचत नाही, असे माझे मत झाले आहे. त्याची कारणमीमांसा करण्याचा हा एक प्रयत्न आहे.

२

प्रथम नियमांकडे वळू. भीष्मपर्वाच्या आरंभी कौरव-पांडवांनी संमतीने घातलेले निर्बंध आहेत. रथीने रथीशी, गजारूढाने गजारूढाशी, अश्वारूढाने अश्वारूढाशी आणि पदातीने पदातीशी लढावे. प्रहार करण्यापूर्वी सावध करावे. दुसऱ्याशी झुंजत असलेल्यावर, बेसावध असलेल्यावर, पळणाऱ्यावर, निःशस्त्र किंवा कवचहीन झालेल्यावर शस्त्र चालवू नये. सूत, वाहने, शस्त्रे वाहून नेणारे आणि भेरी-शंख वाजवणारे यांना मारू नये.

हे नियम सामान्यतः दयाबुद्धीचे द्योतक मानले जातात. तसे ते अंशतः आहेतही. परंतु पहिला निर्बंध नीट पाहिला, तर त्याचा पाया समानता हा आहे आणि ही समानता दर्जाची आहे. ज्याला जिंकल्याने आपली प्रतिष्ठा वाढेल, त्याच्याशीच लढायचे. निःशस्त्राला मारण्यात क्रौर्य आहे, त्याचबरोबर त्यात यश नाही, हेही त्या निर्बंधामागे आहे. सूतांविषयीचा नियम याहून बोलका आहे. सूताला मारू नये, म्हणजे त्याला अभय आहे. पण हे अभय त्याला मिळते ते तो योद्ध्यांच्या हिशेबात नाही म्हणून. हस्तिनापूरच्या रंगभूमीवर कर्ण अर्जुनाला आव्हान देतो तेव्हा कृपाचार्य त्याला त्याचे कुल विचारतात. रणांगणावरचे सूताचे अभय आणि रंगभूमीवरचा कर्णाचा अपमान या दोन्ही गोष्टी एकाच नियमातून निघतात. संरक्षण आणि बहिष्कार यांना जोडणारा हा धागा आपण विद्यार्थ्यांना क्वचितच दाखवतो.

आता नियमभंगाकडे पाहू. तेराव्या दिवशी अभिमन्यूला अनेकांनी घेरून मारले. चौदाव्या दिवशी भूरिश्रवा सात्यकीचा शिरच्छेद करणार, एवढ्यात त्याच्याशी लढत नसलेल्या अर्जुनाने बाजूने बाण सोडून त्याचा हात तोडला. शस्त्रत्याग करून प्रायोपवेशनाला बसलेल्या त्या भूरिश्रव्याचे मस्तक मग सात्यकीने, सगळे नको म्हणत असताना, उडवले. पंधराव्या दिवशी पुत्रवधाच्या खोट्या वार्तेने शस्त्र खाली ठेवलेले द्रोण मारले गेले. सतराव्या दिवशी रथाचे चाक उचलणारा कर्ण पडला. अठराव्या दिवशी गदायुद्धाचा नियम मोडून दुर्योधनाची मांडी फोडण्यात आली. त्याच रात्री अश्वत्थाम्याने झोपलेल्यांची कत्तल केली.

या मालिकेतील जवळजवळ प्रत्येक ठिकाणी नियम मोडणारा दुसरा एखादा नियम पुढे करतो, हे लक्षात घेतले पाहिजे. भूरिश्रवा दोष देतो तेव्हा अर्जुन, आपल्या माणसाचे रक्षण करण्याचे आपले व्रत आहे, असे सांगतो आणि अभिमन्यूची आठवण करून देतो. दुर्योधनाच्या मांडीवर प्रहार झालेला पाहून बलराम नांगर उगारून धावतो, तेव्हा कृष्ण त्याला भीमाच्या सभेतील प्रतिज्ञेचे स्मरण देतो. मांडी फोडण्याचा शब्द भीमाने दिला होता, तो त्याने पाळला. म्हणजे युद्धाचा नियम आणि स्वतःची प्रतिज्ञा यांची टक्कर झाली की प्रतिज्ञा जिंकते. सर्वांनी मिळून ठरवलेल्या निर्बंधापेक्षा एकट्याने रागाच्या भरात उच्चारलेला शब्द या समाजात अधिक जड आहे. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथे आहे. नियम मोडले गेले ते मूल्यांचा विसर पडला म्हणून नव्हे. त्याच मूल्यव्यवस्थेतील अधिक बलवान मूल्याने त्यांना हटवले.

३

प्रतिज्ञेचे हे वजन किती विलक्षण आहे, हे कर्णपर्वातील एका प्रसंगावरून दिसते. कर्णाकडून घायाळ होऊन शिबिरात परतलेला युधिष्ठिर, कर्ण अजून जिवंत आहे हे कळताच अर्जुनाची निर्भर्त्सना करतो आणि गांडीव दुसऱ्याला देऊन टाक असे म्हणतो. ‘गांडीव दुसऱ्याला दे’ असे जो म्हणेल त्याचा शिरच्छेद करीन, ही अर्जुनाची गुप्त प्रतिज्ञा. तो थोरल्या भावावर तलवार उपसतो. युद्ध ऐन भरात आले असताना, ज्याच्यासाठी युद्ध चालले आहे त्यालाच मारायला निघालेला हा वीर वेडा नाही. आपल्या समाजाच्या दृष्टीने तो पूर्ण शहाणा आहे. शब्द मोडला तर तो उरतच नाही.

कृष्ण त्याला बलाक व्याधाची आणि कौशिक ब्राह्मणाची कथा सांगतो. सत्याचा शब्दशः आग्रह धरणाऱ्या कौशिकाने लपलेल्या माणसांची जागा मारेकऱ्यांना दाखवली आणि तो नरकात गेला. येथवर कृष्णाचा युक्तिवाद शब्दाच्या अर्थाकडे, त्याच्या परिणामाकडे नेणारा आहे. पण नंतर तो जी वाट काढतो ती पाहण्यासारखी आहे. वडीलधाऱ्याला ‘तू’ म्हणणे हाच त्याचा वध होय. तेव्हा अर्जुनाने युधिष्ठिराला एकेरीत बोलावे, म्हणजे प्रतिज्ञाही पाळली जाईल आणि भाऊही वाचेल. अर्जुन तसे करतो. मग पश्चात्तापाने तो स्वतःचा जीव घ्यायला निघतो, तेव्हा आत्मप्रशंसा हीच आत्महत्या, अशी दुसरी वाट निघते.

हा प्रसंग वर्गात वाचला की विद्यार्थी हसतात. मराठी भाषकाला तो खरे तर सहज कळायला हवा. आपल्याकडेही ‘अरेतुरे’वर आलेले बोलणे हाणामारीवर जाते आणि एका सर्वनामाने पिढ्यांचे वैर जन्माला येते. या प्रसंगाचे महत्त्व मात्र अन्यत्र आहे. प्रतिष्ठा ही भाषेत राहते आणि भाषेतच तिची हत्या होऊ शकते, हे महाकाव्याला ठाऊक आहे. ही तडजोड ज्यांना उपलब्ध झाली ते दोघेही राजकुलातले भाऊ होते, हेही विसरता येत नाही. कृष्णासारखा मध्यस्थ असेल तर प्रतिज्ञेतूनही पळवाट निघते. एकलव्याच्या अंगठ्याला अशी प्रतीकात्मक पळवाट कोणी काढून दिली नाही. अर्जुनाला सर्वश्रेष्ठ धनुर्धर करण्याचा द्रोणांनी दिलेला शब्द होता. तो पाळला गेला, पण त्याची किंमत निषादपुत्राच्या हाताने मोजली गेली. दलित कवितेला एकलव्य पुन्हापुन्हा आठवतो, तो याच अर्थाने. शब्द एकाचा आणि रक्त दुसऱ्याचे, ही त्या देवाणघेवाणीची रीत होती.

४

म्हणून कोणत्याही प्रतिष्ठाधिष्ठित समाजाबद्दल विचारायचा मुख्य प्रश्न असा की, तिची किंमत कोण देतो? महाभारतात याचे सर्वांत स्पष्ट उत्तर द्यूतसभेत मिळते. आव्हान नाकारायचे नाही या व्रताने युधिष्ठिर खेळायला बसतो. स्वतःला हरतो आणि नंतर द्रौपदीला पणाला लावतो. तिला आणायला आलेल्या प्रातिकामीला ती परत पाठवते आणि सभेला विचारायला सांगते की, राजाने आधी कोणाला हरवले, स्वतःला की मला?

भीष्मांसारखा धर्मज्ञ या प्रश्नापुढे अडखळतो. जो स्वतःचाही स्वामी उरला नाही त्याला दुसऱ्याचे धन पणाला लावता येत नाही, हे एक तत्त्व. पत्नी नेहमीच पतीच्या अधीन असते, हे दुसरे. दोहोंचा मेळ बसत नाही, म्हणून धर्माची गती सूक्ष्म आहे एवढे बोलून ते थांबतात. विदुर बोलतो आणि कौरवांपैकी तरुण विकर्ण स्पष्टपणे द्रौपदीची बाजू घेतो. त्याला कर्ण गप्प करतो आणि द्रौपदीला कुलटा ठरवून तिची आणि पांडवांची वस्त्रे हिरावून घ्यायला सांगतो.

इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये या प्रसंगाचे केलेले विवेचन प्रसिद्ध आहे. त्यांच्या मते द्रौपदीने हा प्रश्न विचारला हीच तिची मोठी चूक होती. तिने पंडितासारखा कायद्याचा कीस काढण्यापेक्षा क्षत्रियधर्माच्या आणि माणुसकीच्या नावाने सभेला साद घालायला हवी होती, कारण प्रश्नाचे उत्तर कोणतेही आले असते तरी तिची अवस्था बिकटच झाली असती. एका समाजशास्त्रज्ञ स्त्रीने केलेले हे निरीक्षण सहज बाजूला सारण्याजोगे नाही. तरीही बाईंविषयीचा पूर्ण आदर राखून मला त्याच्याशी असहमती नोंदवावीशी वाटते. द्रौपदीने दयेची याचना केली असती आणि ती मान्य झाली असती, तर वडीलधाऱ्यांच्या औदार्याची आणखी एक कथा तयार झाली असती. स्त्रीचे रक्षण करणारे वीर म्हणून त्यांचाच मान वाढला असता आणि ज्या नियमाने तिला पणाला लावले तो नियम अबाधित राहिला असता. तिने प्रश्न विचारल्यामुळे ही व्यवस्था स्वतःच्याच भाषेत निरुत्तर झाली. द्रौपदीला न्याय मिळाला नाही, परंतु न्याय देणाऱ्यांपाशी उत्तर नाही, हे सर्वांदेखत सिद्ध झाले. प्रतिष्ठेच्या सभेत याहून मोठा प्रहार दुसरा नसावा.

या संदर्भात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीचे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे. १९१९ साली सुरू झालेले हे काम १९६६ साली पूर्णत्वास गेले. या आवृत्तीच्या मूळ संहितेत वस्त्रहरणाच्या वेळचा द्रौपदीचा कृष्णाचा धावा नाही. कीर्तनातून आणि चित्रपटांतून आपल्या मनात ठसलेली धावा करणारी द्रौपदी बाजूला केली, म्हणजे प्रश्न विचारणारी द्रौपदी अधिक ठळक दिसते. भक्ताच्या मनाला पहिली प्रिय असेल. साहित्याच्या विद्यार्थ्याने दुसरीचीही ओळख ठेवली पाहिजे.

किंमत देणाऱ्यांची यादी द्रौपदीपाशी संपत नाही. वारणावताच्या लाक्षागृहात त्या रात्री जेवणासाठी आलेली एक निषादी आपल्या पाच मुलांसह झोपली होती. भीमाने आग लावली आणि पांडव भुयारातून निसटले. सकाळी सापडलेल्या सहा प्रेतांमुळे कुंती आणि पाच पांडव मेले, अशी सर्वांची खात्री पटली. काळाच्या प्रेरणेने ती आली, एवढे सांगून काव्य पुढे जाते. तिला नाव नाही, तिच्यासाठी विलाप नाही, या मृत्यूंचा सूड घेण्याची प्रतिज्ञा कोणी करत नाही. एका आईच्या पाच मुलांऐवजी दुसऱ्या आईची पाच मुले, असा हा थेट सौदा आहे. खांडववनातील नागांचे आणि पशुपक्ष्यांचे दहन हाही याच जातीचा प्रसंग असून इरावतीबाईंनी त्यातील क्रौर्यावर नेमके बोट ठेवले आहे. पळणाऱ्याला मारू नये, हा नियम खांडवातून पळणाऱ्यांना लागू नव्हता. प्रतिष्ठेची संहिता आपल्या वर्तुळाच्या आत जितकी काटेकोर असते, तितकीच ती वर्तुळाबाहेर मोकाट असते.

५

या व्यवस्थेला आर्थिक बाजूही आहे. मराठीत तिला ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ असा सुंदर वाक्प्रचार आहे आणि भीष्म-द्रोणांचे समर्थन आपण बहुधा याच शब्दांत करतो. युद्धारंभी युधिष्ठिर शस्त्रे उतरवून वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद घ्यायला जातो, तो प्रसंग या दृष्टीने वाचावा. भीष्म, द्रोण, कृप आणि शल्य असे चौघेही त्याला जवळपास एकच गोष्ट सांगतात. पुरुष अर्थाचा दास आहे, अर्थ कोणाचा दास नाही, आणि कौरवांनी आपल्याला अर्थाने बांधले आहे. हे बोलणे क्लीबासारखे आहे, अशी कबुलीही त्यात आहे.

आपण ज्याला निष्ठा म्हणतो, त्याला ही माणसे स्वतः दास्य म्हणतात, याकडे मला लक्ष वेधायचे आहे. मिठाला जागणे हे मूल्य धन्याच्या सोयीचे असते. ज्याचे मीठ खाल्ले त्याचे कृत्य योग्य की अयोग्य, हा प्रश्न ते सेवकाला विचारू देत नाही. मराठीत पत हा शब्द अब्रूसाठीही वापरतात आणि सावकारी व्यवहारातील विश्वासासाठीही, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. प्रतिष्ठा ही उसनवारीची वस्तू आहे. ती कोणीतरी देतो म्हणून मिळते आणि देणाऱ्याला तिची परतफेड करावी लागते.

६

कर्णाचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो, कारण मराठी मनाची क्षात्रप्रतिष्ठेची कल्पना गेल्या काही दशकांत मुख्यतः कर्णाभोवती फिरत राहिली आहे. दुर्गा भागवत यांचे ‘व्यासपर्व’ १९६२ साली आले. १९६७ साली ‘युगान्त’ आणि शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ ही दोन पुस्तके एकाच वर्षी प्रसिद्ध झाली. पुढे १९७३ साली रणजित देसाई यांची ‘राधेय’ आली. यांपैकी वाचकांच्या मनावर सर्वाधिक अधिराज्य गाजवले ते ‘मृत्युंजय’ने. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण अशा सहा पात्रांच्या मुखांतून ती कथा उलगडते. उपेक्षिताच्या वेदनेला तिने दिलेला उद्गार खरा आहे आणि जन्माने नाकारल्या गेलेल्या कित्येक वाचकांना त्यात आपले दुःख सापडले, हे तिचे श्रेय कोणी हिरावून घेऊ नये.

माझी शंका निवेदनपद्धतीच्या परिणामाविषयी आहे. प्रथमपुरुषी निवेदनात पात्राचे मूल्यमापन पात्राच्याच हाती जाते. महाकाव्यात कर्ण सभेत बोलतो तेव्हा आपण सभेत असतो आणि द्रौपदी समोर उभी असते. कादंबरीत आपण कर्णाच्या मनात असतो, त्यामुळे त्याची जखम जवळची आणि द्रौपदी दूरची होते. व्यवस्थेने केलेला अन्याय हा एका थोर पुरुषाच्या वाट्याला आलेला दैवदुर्विलास ठरतो. मग वाचकाच्या मनात ‘कुल का विचारावे?’ हा प्रश्न उरत नाही. त्याऐवजी ‘अशा सूर्यपुत्राला कुल विचारले, केवढा हा अन्याय!’ अशी हळहळ उरते. जन्माने प्रतिष्ठा ठरते, हे तत्त्व त्या हळहळीत शाबूत राहते. तो खरोखरच अधिरथाचा आणि राधेचा औरस पुत्र असता, तर हळहळ कितपत वाटली असती, हा प्रश्न आपण स्वतःला विचारून पाहावा.

मूळ काव्यातील कर्ण याहून गुंतागुंतीचा आहे. स्वयंवरात द्रौपदीने सूताला वरणार नाही म्हणून त्याला झिडकारले, ही सर्वतोमुखी झालेली कथा चिकित्सक संहितेत स्वीकारलेली नाही. सभेतल्या त्याच्या वर्तनाचे जे सोयीस्कर कारण आपण सांगत आलो, तेच त्यामुळे डळमळते. उद्योगपर्वात मात्र हाच कर्ण पांडवांना उद्देशून काढलेल्या कटू उद्गारांचा पश्चात्ताप कृष्णापाशी बोलून दाखवतो. त्याच संवादात जन्माचे रहस्य कळूनही तो राधा आणि अधिरथ यांना सोडत नाही. त्यांनी वाढवले, सूतकुळात आपले विवाह झाले, ही नाती राज्यासाठी तोडायची नाहीत, असे तो सांगतो. माझ्या मते कर्णाच्या आयुष्यातील खरा तेजस्वी क्षण हा आहे. येथे तो प्रतिष्ठेच्या बाजारातून बाहेर पडून माणसांच्या बाजूने उभा राहतो. आपल्या उत्तरपत्रिकांत मात्र कवचकुंडलांचे दान पानेच्या पाने व्यापते आणि राधेला एखादे वाक्य मिळते.

त्या दानाचेही वनपर्वातील स्वरूप पाहिले पाहिजे. सूर्य कर्णाला सावध करतो तेव्हा कर्ण, आपल्याला जिवापेक्षा कीर्ती प्रिय आहे, असे सांगतो. मेलेल्याला कीर्तीचा काय उपयोग, ती प्रेतावरच्या माळेसारखी, असे सूर्याचे उत्तर आहे. शेवटी सूर्याच्याच सल्ल्याने कर्ण इंद्राकडून अमोघ शक्ती मागून घेतो. हे सांगण्यात कर्णाला कमी लेखण्याचा हेतू नाही. ज्याला समाजाने जन्मतः प्रतिष्ठा नाकारली त्याला ती क्षणोक्षणी कमवावी लागते आणि तिच्यासाठी अंगावरची कातडी सोलून द्यावी लागते, हे त्यातले दुःख आहे. ज्या संहितेने त्याला बाहेर ठेवले, तिचाच तो सर्वांत निष्ठावान उपासक झाला. कर्णाची शोकांतिका मला येथे दिसते, आणि ‘दानशूर’ या एका विशेषणाने ती झाकली जाते.

७

या सगळ्यावर एक आक्षेप अपेक्षित आहे आणि तो रास्त आहे. प्राचीन काव्यातील समाजाला आजची मूल्ये लावणे हा कालविपर्यास नव्हे काय? आजचा निकष बाहेरून आणून लादला, तर तो कालविपर्यास होईलच. पण महाभारताच्या बाबतीत निकष बाहेरून आणावाच लागत नाही. द्रौपदीचा प्रश्न आणि विकर्णाचे भाषण काव्यातलेच आहे. मरणोन्मुख दुर्योधन कृष्णापुढे कपटांची यादी वाचतो आणि त्याच्यावर आकाशातून पुष्पवृष्टी होते, हेही काव्यातलेच. अर्धसत्य बोलताच युधिष्ठिराचा जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा रथ जमिनीला टेकतो. स्त्रीपर्वात गांधारीच्या दृष्टीने आपण रणभूमी पाहतो, तेव्हा भूरिश्रव्याची पत्नी त्याचा तुटलेला हात मांडीवर घेऊन बसलेली असते. रणात ज्या हाताविषयी नियमांचा वाद झाला, तो येथे एका घरातल्या माणसाचा हात आहे. विजयी युधिष्ठिराला शांतिपर्वाच्या आरंभी राज्य नकोसे होते.

आणि शेवटी ते अर्ध्या सोन्याच्या अंगाचे मुंगूस येते. अश्वमेधाचा डामडौल आटोपल्यावर ते सांगते की, हा यज्ञ उंछवृत्तीने जगणाऱ्या एका ब्राह्मणाच्या मूठभर सातूच्या तोडीचा नाही. दुष्काळात त्या कुटुंबाने स्वतः उपाशी राहून पाहुण्याला घास दिला. तो पाहायला तेथे सभा नव्हती, भाट नव्हते, प्रतिज्ञा नव्हती. प्रतिष्ठेच्या सर्व हिशेबांपलीकडचे दान कसे असते, हे कविपरंपरेने त्या मुंगसाच्या तोंडून सांगितले आहे. कर्णाच्या दानाशेजारी हे दान ठेवून वाचण्याचा प्रघात आपल्या वर्गांत पडला, तर दोन्हींचे मर्म अधिक उलगडेल.

तेव्हा त्या विद्यार्थिनीला आज मी काय सांगेन? नियम रक्षणासाठी होते, त्याहून अधिक ते ओळखीसाठी होते. कोण आपल्यातला आणि कोण नाही, कोणाचा मृत्यू लज्जास्पद आणि कोणाचा नगण्य, हे ते ठरवत होते. ते मोडले तेव्हा आरडाओरडा झाला, शाप दिले गेले, नांगर उगारले गेले, कारण मोडणारे आणि ज्यांच्याविरुद्ध मोडले ते, दोघेही वर्तुळातले होते. निषादीच्या मृत्यूने कोणताच नियम मोडला नाही. म्हणूनच तेथे शांतता आहे, आणि त्या शांततेवरून त्या समाजाची जी पारख होते ती अठरा दिवसांच्या गोंगाटावरून होत नाही.

हा केवळ काव्याच्या आस्वादाचा प्रश्न नाही. घराण्याची अब्रू, जातीचा मान, दिलेला शब्द या कल्पना आपल्या भोवतालच्या जीवनातून गेलेल्या नाहीत. त्यांच्या नावाने आजही मुलींची लग्ने मोडली जातात आणि प्रसंगी जीवही घेतले जातात. हे करणारी माणसे आपण मूल्यहीन आहोत असे मानत नाहीत. उलट, आपणच मूल्ये जपतो अशी त्यांची श्रद्धा असते. आमच्या वर्गात बसणारे विद्यार्थी अशाच घरांतून येतात आणि उद्या शिक्षक होऊन अशाच गावांत जातात. ‘शब्दाला जागणारा’ हे विशेषण त्यांना प्राणप्रिय असणार आणि ते असायलाही हरकत नाही. मात्र दिलेला शब्द कोणाच्या जिवावर पाळला जातो, हे विचारण्याची सवय त्यांना आपण लावली पाहिजे. व्यक्तिरेखांची गुणवर्णने पाठ करून ती सवय लागणार नाही. त्यासाठी प्रश्नपत्रिका थोड्या बदलाव्या लागतील. ‘कर्णाचे दातृत्व स्पष्ट करा’ या प्रश्नाशेजारी, वारणावताच्या सकाळी सापडलेल्या सहा प्रेतांविषयी काव्य काय बोलते आणि काय बोलत नाही, असाही एक प्रश्न असू द्यावा. त्याचे तयार उत्तर मार्गदर्शक पुस्तकांत नसेल. विद्यार्थ्याला मूळ काव्यच उघडावे लागेल.